रिकामा बटवा

टूनगॅबी स्टेशनवरून वर यायला लागलं की रस्ता जरा चढाचा होतो, तिथे लाल कौलांच्या घरात रेखा राहते. लेकाकडे, परदेशात. लेक हृषिकेश, सून विनीता आणि नात शाल्मली. रेखाची बोटं बघावीत एकदा. सुई टोचून टोचून टोकं अशी टणक झालीत की तव्यावरची पोळी हातानेच उलटते आणि वर बोलत राहते. डोंबिवलीत उभा जन्म तिने साड्यांना फॉल लावले. नवऱ्याची कंपनी बंद पडली, तो घरी बसला, आणि बसला तो मग उठलाच नाही. पोराचं शिक्षण त्या फॉलवर झालं असं शेजारीपाजारी म्हणायचे. ती नाही म्हणायची. "हृषी मुळात हुशार, माझं काय त्यात!" एवढंच.

इथे आल्यावर त्या बोटांना काम राहिलं नाही. साड्या नेसतंय कोण इथे? नेसल्या तर मंडळाच्या गणपतीला, आणि त्यासुद्धा तिकडून फॉल-पिको करूनच आणलेल्या. मग काय, नातीला शाळेत सोडायचं, नातीला आणायचं, नातीच्या वेण्या घालायच्या. आजी मराठीत बोलणार, नात इंग्लिशमध्ये उत्तर देणार, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही.

आधी ही मंडळी क्वेकर्स हिलला भाड्याने राहायची. हे घर घेतलं तेव्हा शाळेचं वर्ष अर्ध्याच्या वर सरलं होतं. म्हणजे पोरीला मधूनच नव्या शाळेत घातली. आता मधून आलेल्या पोरीला कोण खेळायला घेतं? त्या शाळेच्या पटांगणात एक रंगीत बाक आहे. ज्याला कुणी सोबती नाही त्याने त्या बाकावर जाऊन बसायचं, म्हणजे कुणीतरी येऊन विचारतं, चल खेळायला. कल्पना चांगली आहे. पण शाल्मली बसायची आणि कुणी यायचंच नाही. रेखा घ्यायला गेली की विचारायची, "आज कुठे खेळलीस?"

"ऑन द बेंच."

"बाकावर काय खेळतात गं?"

"नथिंग, आजी."

 रात्री रेखा विनीताला म्हणायची, "अगं, त्या बाईंना सांग ना कुणालातरी तिच्याशी खेळायला." विनीता म्हणायची, "आई, असं सांगून मैत्री होते का?"

आणि मग नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर जॉर्जी आली. किडकिडीत पोर, नाकावर ठिपकेच ठिपके, पुढचे दोन दात पडलेले. ती आपणहून बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, मी पण बसते. झालं. त्या दिवसापासून घरात दुसरं नाव नाही. जॉर्जी असं म्हणाली, जॉर्जी तसं म्हणाली. एकदा घरीसुद्धा आली खेळायला. येताना स्वतःचा डबा, स्वतःचं पाणी. रेखाने मोठ्या हौसेने शंकरपाळे पुढे केले तर पोरगी शाल्मलीकडे वळून विचारते, "इज इट सेफ फॉर मी?" शाल्मलीला खात्री नव्हती, तिने मान हलवून नाही म्हटलं, तर जॉर्जीने हात लावला नाही. पण जाताना मात्र दारात उभी राहून "बाय, आजी!" म्हणाली. अगदी स्वच्छ. आपली पोरं सुद्धा इतकं नीट म्हणत नाहीत.

रेखा हसून म्हणाली, "काय गं, सोवळं पाळते की काय तुझी मैत्रीण? आमच्या आत्याबाई अश्शाच. कुणाच्या हातचं पाणी नाही प्यायच्या."

विनीता लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "ॲलर्जी आहे आई तिला."

"कशाची?"

"असेल शेंगदाणे-बिंगदाणे. इथे बऱ्याच मुलांना असते."

विषय तिथेच संपला. रेखाच्या डोक्यात ॲलर्जी म्हणजे पित्त. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, आमसुलाचं पाणी लावलं की तासाभरात उतरतं. तिच्या धाकट्या जावेला वांग्याने उठायचं. त्यावरून सगळे जावेला चिडवायचे आणि ती तरीही वांगं खायची. ॲलर्जीने जीव जातो हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि तिनेही विचारलं नाही.

फेब्रुवारी उजाडला. इथे शाळेचं वर्ष तेव्हाच सुरू होतं. नवा वर्ग, नव्या बाई, पण जॉर्जी त्याच वर्गात. शाल्मली खूश. एक दिवस बाईंचा निरोप आला, व्हॅलेंटाईनला मुलांना वाटलं तर वर्गात छोटंसं काही वाटता येईल. सगळ्यांना द्यायचं, नाहीतर कुणालाच नाही. घरी केलेलं असलं तर उत्तम. लॉली म्हणजे गोळ्या, चॉकलेट, खायचं काही आणायचं नाही.

रेखाने कपाळाला हात लावला. "अगंबाई, ते तर नवरा-बायकोचं असतं ना? एवढ्याशा पोरांना कशाला हे थेर?"

"इट्स फॉर फ्रेंड्स, आजी!"

हृषिकेश म्हणाला, "आई, इथे पोरं आपली मैत्रीचं म्हणून देतात. मी कधी विनीताला दिलंय का, ते विचार."

"ते मला माहितीये," विनीता म्हणाली, "आणि सगळ्या टूनगॅबीला माहितीये."

आता करायचं काय? विनीता म्हणाली, कार्डं करू. शाल्मलीला कार्डं नकोत, कार्डं सगळेच आणणार. मग तिनेच डोकं चालवलं. वर्गात सगळ्यांचे दात पडतायत. दात पडला की ही मुलं उशीखाली ठेवतात, रात्री परी येऊन घेऊन जाते म्हणे. तर दात ठेवायला छोटीशी पिशवी करायची. बदामाच्या आकाराची.

"आमच्याकडे दात कौलावर फेकायचे," रेखा म्हणाली.

"हू टेक्स इट?"

"कोण घेणार? पडतो कुठेतरी."

"दॅट्स सो सॅड, आजी."

रेखाला हसू आवरेना. पण त्या दिवशी तिची बोटं जागी झाली. माळ्यावरची बॅग काढली. आत खणच खण. वर्षानुवर्षं ओटीत आलेले, कुणाकडून आलेले ते आठवत नाही इतके. हिरवे, जांभळे, डाळिंबी, काठ असलेले. हे खण एका बाईकडून दुसरीकडे फिरत राहतात, शिवत कुणीच नाही. रेखाने पहिल्यांदाच त्यांना कात्री लावली. बदामाचा कागद कापला, त्यावरून कापड बेतलं, कडा आत दुमडून बारीक टीप घातली. मशीन नाही, सगळं हातशिलाई. वर दोरा ओवायला नेफा, त्यात लाल गोंडा. ओढला की तोंड मिटतं. शाल्मलीने प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लिहायची आणि रेखाने ती बाहेरून टाचायची. शाळेतून आलं की दोघी मागच्या अंगणात सावलीला बसायच्या. उन्हाने तिथलं गवत पार पिवळं पडलेलं. शाल्मली सुईत दोरा ओवून द्यायची, कारण आजीला आता ते भोक दिसत नाही.

"हा कुणाचा?"

"जॉर्जीचा. कॅन हर्स बी द बेस्ट वन?"

"सगळ्यांना सारखं द्यायचं म्हणाल्या ना बाई?"

"जस्ट अ लिटल बिट बेस्ट."

मग जॉर्जीच्या बटव्याला रेखाने दोन गोंडे लावले.

आदल्या संध्याकाळी सगळे बटवे जेवणाच्या टेबलावर मांडले. हृषिकेशने फोटो काढून ऑफिसात पाठवले. विनीताने एक उचलला, उलटा करून पाहिला. "काय सुंदर केलेत आई! आणि खायचं काही नाहीये ना ह्यात?"

"कुठलं? रिकामेच आहेत बघ," रेखा म्हणाली. आणि तेव्हा ते रिकामेच होते.

सकाळी विनीताची गाडी लवकर गेली. हृषिकेश आंघोळीला. रेखा बटवे पिशवीत भरायला लागली आणि तिचा हात अडला. रिकामा बटवा कुणाला देतात का? आपल्यात कुणाचं भांडं परत करायचं तर चिमूटभर साखर घालून देतात. पाकीट दिलं तर आत नाणं. रिकामं हातात ठेवणं म्हणजे देणं नव्हेच, उलट अशुभ. पोर पहिल्यांदा चार लोकांना काहीतरी द्यायला निघालीये आणि रिकाम्या पिशव्या घेऊन? नाणं घालावं म्हणून तिने घरभर शोधलं. इथे नाणं सापडत नाही, सगळे कार्ड टेकवतात. तांदूळ घालावेत तर सांडतील.

तेव्हा तिला फडताळातला हलवा दिसला.

संक्रांतीचा काटेरी हलवा. तो ती दर वर्षी स्वतः करते. मंद आचेवर तीळ घ्यायचे, थेंब थेंब पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, तासन् तास, म्हणजे एकेका तिळावर साखरेचे थर चढून काटे येतात. हलव्याला थंडी लागते, आणि इथे ऋतू उलटे, संक्रांत ऐन उन्हाळ्यात. म्हणून ह्या बाईने एसी लावून, अंगावर शाल घेऊन हलवा केला होता. हृषिकेशने विजेच्या बिलावरून चेष्टा केली होती. पांढराशुभ्र, चांदणीसारखा दाणा. आत तीळ आहे हे करणाऱ्याला ठाऊक, बघणाऱ्याला नुसती साखर.

शास्त्रापुरता एकेक दाणा, असं ती मनात म्हणाली. बाईंचा निरोप तिला आठवत नव्हता असं नाही. चांगला आठवत होता. पण लॉली नको ती दात किडतात म्हणून, असंच तिने धरलं होतं, आणि एका दाण्याने कुणाचा दात किडतो? शिवाय हे कुठे खाणं आहे, हा तर शकुन. विनीताही आठवली. म्हणून तर हात भरभर चालला. एकेका बटव्यात एकेक दाणा, वरून गोंडा ओढून घट्ट. शाल्मली तेव्हा बूट घालत होती. तिला सांगितलं नाही. म्हटलं, उघडतील तेव्हा गंमत.

शाळेच्या फाटकाशी शाल्मली मागे वळूनसुद्धा न बघता पळाली. इतके महिने ही पोर फाटकात आजीचा हात सोडायची नाही. रेखा रिकाम्या हाताने घरी आली आणि त्या दिवशी गुणगुणत भाजी निवडली.

दुपारच्या आधीच हृषिकेशची गाडी दारात. सोबत शाल्मली. पोरीचा चेहरा पांढरा पडलेला आणि ती आजीकडे न बघता आपल्या खोलीत गेली.

"आई, त्या पिशव्यांत काय घातलं होतंस?"

"काही नाही रे. हलव्याचा एकेक दाणा."

"हलव्यात काय असतं?"

"साखर. आणि आत तीळ."

हृषिकेश बूट न काढताच खुर्चीत बसला. "तीळ," तो म्हणाला. "जॉर्जीला तिळाचीच आहे ॲलर्जी."

मग त्याने एकेक करून सांगितलं. बटवे वाटले. मुलांनी उघडले. एकाने दाणा तोंडात टाकला, म्हणाला, इट्स शुगर! सगळ्यांनी टाकले. जॉर्जीने नाही टाकला. तिने नेहमीसारखं शाल्मलीला विचारलं, इज इट सेफ फॉर मी? शाल्मलीने हलवा होताना बघितला होता. पाक, साखर, आजीची बोटं. आतला तीळ तिने कशाला बघितलाय? ती म्हणाली, येस, माय आजी मेड इट. त्या एका शब्दावर जॉर्जीने दाणा खाल्ला. ओठ सुजले, मग गळा. बाईंनी मांडीत इंजेक्शनचं पेन टोचलं, ॲम्ब्युलन्स आली. आता बरी आहे, रात्रभर हॉस्पिटलात ठेवतील. सगळे बटवे बाईंनी कचऱ्याच्या पिशवीत भरून बांधून टाकले.

रेखा उभीच होती. तिला वाटलं, हृषीने ओरडावं. तो ओरडला नाही. तो फोनवर शाळेशी बोलत बाहेर गेला.

विनीता संध्याकाळी आली ती पर्स खांद्यावर ठेवूनच म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. रिकामे आहेत म्हणालात."

"तेव्हा रिकामेच होते गं."

बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. विनीताने पाठ फिरवली. सिंकशी उभी राहून नळ सोडला आणि रडली.

रात्री रेखा शाल्मलीच्या खोलीत गेली. पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली. रेखाने केसांवरून हात फिरवला तर ती वळली आणि मराठीत बोलली. ही पोर मराठीत क्वचित बोलते. म्हणाली, "आजी, तू मला का नाही सांगितलंस? मी तिला येस म्हटलं."

 "चुकलं गं माझं," एवढं रेखा म्हणाली. पोरीने तोंड परत भिंतीकडे केलं.

जॉर्जी चार-आठ दिवसांनी शाळेत आली. आता ती दुसऱ्या टेबलावर बसते. तिने वर्गात सांगितलं, शाल्मली लाइड. शाल्मली परत बाकावर. पण ह्या वेळचा बाक वेगळा. आधी तिच्याकडे कुणी येत नव्हतं, कारण ती नवी होती. आता येत नव्हतं, कारण ती खोटं बोलणारी होती. रेखाला हे खुपत होतं. आपल्याला काय बोलायचं ते बोला. म्हातारी अडाणी आहे म्हणा, वेडी आहे म्हणा. पण पोर खोटारडी नाही. जे पाहिलं ते तिने सांगितलं, आणि जे पाहिलं नाही ते आपण तिच्यापासून झाकलं.

ती हृषिकेशला म्हणाली, मी जॉर्जीच्या आईला भेटते. तो म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नकोस, शाळेने त्यांना सगळं कळवलंय."

"कळवलंय ते मोठ्यांना. त्या पोरीला कुणी सांगितलं?"

 तेव्हा विनीताच म्हणाली, "काय बोलाल तिथे? इंग्लिशमध्ये बोलावं लागेल."

"तू शिकव."

मग सुनेने सासूला ओट्याशी उभं करून वाक्य शिकवलं. शी डिड नॉट नो. आय पुट इट. रेखाने ते कणीक मळताना म्हटलं, दिवा लावताना म्हटलं, चालताना म्हटलं.

दुपारी फाटकाशी जॉर्जीची आई उभी होती. उंच, नर्सच्या कपड्यांतली, डोळ्यांखाली काळं. रेखा तिच्यासमोर गेली, हात जोडले आणि पाठ केलेलं म्हणाली. मग जॉर्जी येताना दिसली तेव्हा तिच्याकडे वळून परत म्हणाली. "जॉर्जी. शाल्मली नो लाय. शी डिड नॉट नो. आय पुट इट. आय." आणि आपल्या छातीवर बोट आपटलं.

ती बाई वाईट नव्हती. ती म्हणाली, "थँक्यू फॉर टेलिंग मी." मग म्हणाली, "नो वरीज." पण म्हणताना तिने लेकीचा हात धरून तिला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं. जॉर्जी आईच्या आडून रेखाकडे बघत राहिली. बाय, आजी म्हणाली नाही.

पण पोरगी ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती बाकाशी आली आणि शाल्मलीला म्हणाली, यू डिडन्ट नो. झालं, तेवढंच. त्यानंतर दोघी परत खेळायला लागल्या. शाल्मलीने घरी येऊन सांगितलं तेव्हा रेखाने देवापुढे साखर ठेवली. तिला वाटलं, सगळं पूर्ववत झालं.

तसं काही झालं नाही. जॉर्जी घरी येत नाही, तिची आई पाठवत नाही. आणि डब्याच्या वेळी ती आता शाल्मलीला विचारत नाही, बाईंना विचारते. एकदा विचारलं होतं सवयीने, इज इट सेफ? तर शाल्मलीच म्हणाली, आय डोन्ट नो, आस्क मिस. हे तिने घरी सहज सांगितलं, दूध पिता पिता. रेखा हातातला पेला पुसत राहिली, तो कधीचाच कोरडा झाला होता.

एप्रिलच्या सुट्टीआधी जॉर्जीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. बागेत, आणि मोठ्या माणसाने सोबत थांबायचं. शाल्मलीला बोलावलंय म्हटल्यावर रेखाला किती बरं वाटलं! ती लगेच बॅगेतला एक जांभळा खण घेऊन आली. "जॉर्जीच्या बाहुलीला परकर-पोलकं शिवते. एवढुसं. तिला आवडेल."

शाल्मलीने खणावरून हात फिरवला. तिला आवडला होता, दिसत होतं. पण म्हणाली, "नको आजी. लेट्स बाय समथिंग. दुकानातल्यावर लिहिलेलं असतं, आत काय आहे ते."

"अगं, कापडाच्या परकरात काय असणार आत?"

पोरीने खणाचा काठ बोटाने सरळ केला. आजीला दुखवायचं नव्हतं तिला. मग हळूच म्हणाली, "आय डोन्ट नो, आजी."

रेखाने खण घडी करून ठेवला. शनिवारी सगळी कॅसल हिलच्या मोठ्या दुकानात गेली. शाल्मलीने रंगांची एक पेटी निवडली आणि तिथेच दोन मांडण्यांमधल्या बोळात उभी राहून मागची बारीक अक्षरं बोट फिरवत वाचायला लागली. पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुठे अडली तर परत. मागून लोक येत होते, "सॉरी" म्हणत बाजूने जात होते. विनीता म्हणाली, "झालं का गं?" रेखा म्हणाली, "वाचू दे तिला," आणि ट्रॉली धरून उभी राहिली.